बॉम्बे ब्लड ग्रुप : फॉरवर्ड करण्याआधी एक फोन करा!

‘अर्जंट! बॉम्बे ब्लड ग्रुप हवाय. प्लीज जास्तीत जास्त फॉरवर्ड करा.’ असा मेसेज तुमच्याही मोबाइलवर कधी तरी येऊन गेला असेल. मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवरून तो बोरिवलीच्या मावशीकडे जातो, तिथून अंधेरीतल्या कॉलेजच्या ग्रुपवर. हात जोडलेला इमोजी टाकून आपणही तो पुढे ढकलतो आणि मोकळे होतो. पण मेसेज कधीचा आहे? पेशंट कुठे आहे? रक्त मिळालं की नाही? हे बघायचं कोणी?

नाव आपल्या शहराचं

मुळात हा रक्तगट सापडला आपल्याच शहरात. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याची माहिती जगापुढे मांडली. प्रकरण समजायला सोपं आहे. रक्तपेशींवरचे ‘ए’ आणि ‘बी’ हे घटक ज्या पायावर उभे राहतात, तो पाया म्हणजे ‘एच’. ‘ओ’ गटात ए-बी नसतात, पण एच असतोच. बॉम्बे गटात तोही नसतो. त्यामुळे सगळ्यांना चालणारं ‘ओ’ रक्तसुद्धा या लोकांना चालत नाही. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, तर युरोपात दहा लाखांत एकाचा.

यातला धोका वेगळाच आहे. फक्त पेशी तपासणाऱ्या साध्या चाचणीत हा गट ‘ओ’ म्हणूनच दिसतो. रक्तातला द्रव भाग, म्हणजे सीरम, ‘ओ’ पेशींबरोबर तपासला की मगच खरं कळतं. म्हणजे कितीतरी जण स्वतःला ‘ओ’ समजूनच फिरत असतील!

शिर्डी ते इंदूर

मे २०२४ मध्ये इंदूरमधल्या एका महिलेच्या बाबतीत हेच झालं. एका शस्त्रक्रियेच्या वेळी तिला चुकून ‘ओ पॉझिटिव्ह’ रक्त चढवलं गेलं आणि तिची तब्येत ढासळली. बॉम्बे गटाचा शोध सुरू झाला. शिर्डीच्या एका तरुणाला रक्तदात्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही गोष्ट कळली. मित्राच्या गाडीने ४०० किलोमीटरहून जास्त प्रवास करून त्याने इंदूर गाठलं आणि रक्त दिलं. नागपूरहून दोन पिशव्या विमानाने आल्या, एक पिशवी तिच्या बहिणीने दिली.

तो मेसेज नेमक्या माणसांच्या ग्रुपवर गेला होता, हे इथे महत्त्वाचं. आपल्या चारशे जणांच्या कॉलेज ग्रुपमध्ये बॉम्बे गटाचा एकही जण नसण्याचीच शक्यता जास्त.

जुना मेसेज, नवा त्रास

‘फॉरवर्ड केलं तर बिघडलं कुठे?’ असं वाटेल. पण बिघडतं. रक्तातल्या लाल पेशी साधारणपणे ३५ ते ४२ दिवसच टिकतात, त्यामुळे असं रक्त साठवून ठेवणं अवघड. या गटाची खरी पेढी म्हणजे चालते-बोलते दातेच. एकदा रक्त दिलं की पुरुषाला पुढचे ९० दिवस आणि बाईला १२० दिवस देता येत नाही. गरज संपलेल्या मेसेजवर विसंबून एखादा दाता रक्त देऊन आला, तर खरी गरज असलेल्या पुढच्या पेशंटसाठी तो तीन महिने बाद. शिवाय मेसेजमधल्या नंबरवर फोन वाजतच राहतात, आणि त्या गर्दीत खऱ्या दात्याचा फोन लागत नाही.

म्हणून इथे कामाला येतात त्या नीट सांभाळलेल्या याद्या. बेंगळुरूची संकल्प इंडिया फाउंडेशन बॉम्बे गटाच्या दात्यांना जोडून ठेवते. २०१८ मध्ये म्यानमारमधल्या एका महिलेच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी दावणगेरेच्या रक्तपेढीतून दोन पिशव्या चक्क कुरियरने यांगूनला गेल्या, त्यामागे हेच जाळं होतं. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. नियमित रक्तदात्यांचं रक्त बारकाईने तपासून तिथे दुर्मीळ रक्तगटांच्या दात्यांची नोंदवही तयार झाली आहे. म्हणजे तुमच्या एनएसएसच्या शिबिरात दिलेल्या रक्तातूनही संशोधनाला एखादा दुर्मीळ दाता सापडू शकतो.

मेसेज आला तर...

- तारीख, रुग्णालयाचं नाव आणि संपर्क यांतलं काहीही नसेल, तर मेसेज तिथेच थांबवा.
- नंबर असेल तर आधी एक फोन करा. गरज संपली असेल तर ग्रुपवर ‘रक्त मिळालंय, पुढे पाठवू नका’ असं लिहा.
- कोणत्या रक्तपेढीत कुठल्या गटाचं किती रक्त आहे, हे केंद्र सरकारच्या ‘ई-रक्तकोष’ पोर्टलवर बघा.
- दाता पैसे मागत असेल तर सावध राहा. पैसे घेऊन रक्त देण्यावर भारतात १९९८ पासून बंदी आहे.
- तुमचा गट ‘ओ’ असेल तर पुढच्या रक्तदानाच्या वेळी विचारा, ‘पेशी आणि सीरम दोन्ही तपासलंत ना?’
- गट बॉम्बे निघालाच, तर भावंडांनाही तपासायला सांगा. सख्ख्या भावंडांत तोच गट असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. मग यादीत नाव नोंदवा आणि बोलावणं येईल तेव्हाच रक्त द्या.

फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, फोन करायला दोन मिनिटं. एवढा वेळ तर आपण रोज अंधेरीला लोकलची वाट बघण्यातच घालवतो!