नदीपलीकडचा इंग्रज हेडमास्तर

रमजानात घरोघरी तिलावत अरबीत होते. मुलं मात्र अर्थ विचारतात मराठीत. अशा वेळी मला एक हेडमास्तर आठवतात.

सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. आपल्या काठावर इंग्रज म्हणजे हुकूम सोडणारा साहेब. तिकडे हैदराबादेत मात्र एक इंग्रज निजामाच्या पगारावर शाळा चालवत होता. मार्माड्यूक पिकथॉल, पाद्र्याचा मुलगा. १९१७ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढं मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चं संपादन केलं आणि १९२५ मध्ये चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

शाळा सांभाळायची, ‘इस्लामिक कल्चर’ हे त्रैमासिक काढायचं आणि उरलेल्या वेळात कुराणाचा इंग्रजी अनुवाद! शाळेच्या कामानंतर किती वेळ उरतो, ते कुठल्याही मास्तरांना विचारा. अखेर निजामानं दोन वर्षांची भरपगारी रजा दिली.

मग हे मास्तर आपलीच वही तपासून घ्यायला कैरोला गेले. कुराणाचा अनुवाद होऊच शकत नाही, असं म्हणणारे उलेमा तिथं भेटले. पिकथॉल यांनाही ते मान्यच होतं. म्हणून १९३० साली ग्रंथ छापताना त्यांनी नावात नुसतं ‘कुराण’ लिहिलं नाही, ‘कुराणाचा अर्थ’ असं लिहिलं.