शाळाबदल आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची भाषा

इंग्लंडमधील वैद्य जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली ज्या अवस्थेचे वर्णन केले, तिचे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून व त्यांचे सहकारी यांनी जाहीर केले. या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. एवढी माहिती बहुतेक सुशिक्षितांस असते. या मुलांची भाषा कशी घडते, याविषयीचे गेल्या चार-पाच दशकांतील संशोधन मात्र आपल्या शाळांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही; आणि त्याची उणीव सर्वांत अधिक भासते ती मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा.

महाराष्ट्रात असे प्रसंग सामान्यतः तीन येतात: अंगणवाडी किंवा बालवाडीतून पहिलीत, गावातील चौथीपर्यंतच्या शाळेतून पाचवीसाठी अन्यत्र, आणि सातवीनंतर माध्यमिक विद्यालयात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या मुलांना शाळेत बसण्याचा अधिकार मिळाला आहे. तो मिळाल्यावर वर्गात त्यांचे काय होते, हा प्रश्न बव्हंशी भाषेचा आहे.

या मुलांच्या भाषेत एक विशिष्ट विषमता आढळते. आकलन हे उक्तीच्या बरेच पुढे असते, आणि शब्दसंग्रहाच्या मानाने व्याकरण मागे राहते. आठ वर्षांची एखादी मुलगी ‘आई बाजार’ एवढेच बोलते. परंतु ‘आई बाजाराला गेली का?’ आणि ‘आई बाजारातून आली का?’ यांतील भेद तिला नीट कळत असणे शक्य आहे. जुन्या शाळेतील बाईंना हे ठाऊक असते, कारण सहवासाने त्यांना तिचे बोलणे उलगडू लागलेले असते. नव्या शाळेतील शिक्षक पहिल्याच आठवड्यात तिच्या उच्चारांवरून तिच्या समजुतीची उंची ठरवतात आणि तिच्यापुढे रंगाच्या कांड्या ठेवतात. ती पुढे वर्षभर रंगवीत बसते. अशा मुलीची शाळा सुटलेली नसते, शिक्षण मात्र थांबलेले असते.

श्रवणाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. मध्यकर्णात द्रव साचून येणारे कमी-ऐकूपण या मुलांत वारंवार आढळते, आणि ते कमीजास्त होत राहते. आपल्याकडे नवी शाळा व पावसाळा बरोबरच सुरू होतात. पत्र्याच्या छपराखाली जूनच्या पावसात धडधाकट कानांसही शिक्षकांचे बोलणे पुरते ऐकू येत नाही. यास्तव कानांची तपासणी प्रवेशापूर्वी व्हावी, आणि बसण्याची जागा उंचीवरून ठरू नये.

तथापि सर्व अडचण कानाची नाही. ॲलन बॅडली यांच्या कार्यकारी स्मृतीच्या प्रारूपात ऐकलेले शब्द क्षणभर धरून ठेवणारी एक यंत्रणा मानलेली आहे. डाउन सिंड्रोममध्ये हीच यंत्रणा दुबळी असते, आणि हे दौर्बल्य केवळ श्रवणदोषाने किंवा उच्चारदोषाने स्पष्ट होत नाही, असे क्रिस्टोफर जॅरोल्ड व बॅडली यांच्या प्रयोगांतून दिसून आले. पाहिलेल्या वस्तूंची व जागांची स्मृती त्या मानाने बळकट असते.

मराठी वर्गात याचा परिणाम कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. ‘दप्तर जागेवर ठेवून, हात धुऊन, डबा घेऊन रांगेत बसा,’ ही रोजची आज्ञा. पूर्वकालवाचक ‘ऊन’ प्रत्ययाची धातुसाधिते एकामागून एक येतात आणि आज्ञार्थी क्रियापद शेवटी येते. तोवर ऐकणाऱ्याने सगळी साखळी मनात धरून ठेवायची असते. ज्याची धरून ठेवण्याची शक्तीच तोकडी, ते मूल शेवटचे ‘बसा’ तेवढे उचलते आणि दप्तर पाठीवर घेऊनच बसते. त्याच्या नावापुढे ‘सांगितलेले ऐकत नाही’ असा शेरा पडतो. वास्तविक त्याने जेवढे हाती लागले तेवढे निमूटपणे पाळलेले असते. तीच आज्ञा चार सुट्या वाक्यांत, मध्ये थांबून, किंवा चार चित्रांच्या पट्टीने दिली असता हा हट्टीपणा पुष्कळदा नाहीसा होतो. पाढे, कविता व बाराखडी यांचे सामुदायिक पाठांतर हा आपल्या प्राथमिक शाळांचा कणा. तोही नेमका याच दुबळ्या जागेवर भार टाकतो. भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता या मुलांना अधिक उपयोगी. तो मात्र अनेकदा इतका उंच टांगलेला असतो की, तो तपासनिसांसाठीच असावा!

इंग्लंडमध्ये १९७० च्या शिक्षणकायद्यापूर्वी अशी कितीतरी मुले ‘अशिक्षणीय’ ठरवून शाळेबाहेर ठेवली जात. १९८० च्या सुमारास एका पित्याने आपल्या मुलीस अगदी लहान वयात वाचन शिकवल्याचा अनुभव पोर्टस्मथ येथील स्यू बकली यांना कळवला. त्यातून जे संशोधन उभे राहिले, त्याचा गाभा असा की, या मुलांना वाचन हे बोलण्याच्या आधीही शिकवता येते आणि वाचनातून बोलणे वाढू शकते. उच्चारलेला शब्द विरून जातो, छापलेला समोर राहतो. मात्र या पद्धतीचे नुसते भाषांतर करून भागणार नाही. इंग्रजीत पुष्कळसे संबंध सुट्या लहान शब्दांनी दाखवले जातात. मराठीत ते प्रत्ययाने दाखवले जातात, आणि प्रत्ययापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘घोडा’ ओळखणाऱ्या मुलास ‘घोड्याला’ हा दुसराच शब्द वाटेल. म्हणून शब्दपट्ट्यांत सामान्यरूपे आरंभापासून यावीत, आणि प्रत्यय वेगळ्या रंगाने लिहावा.

आता प्रत्यक्ष शाळाबदलाकडे वळू. मुलाबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जातो, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जाते, कधी बुद्ध्यंकही जातो. मूल बोलते कसे, हे सांगणारा एकही कागद जात नाही. असा कागद एका पानाचा पुरे. मूल कोणते शब्द कसे उच्चारते, ‘नको’ कसे सांगते, कोणत्या खुणा वापरते, एका वेळी किती आज्ञा धरू शकते, कोणते शब्द वाचते, एवढे त्यात असावे. घरची बोलीही नोंदवावी. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या घरातील मुलाच्या बोलीभेदास व्यंग समजण्याची चूक अगदी सहज होते.

माध्यमिक विद्यालयात अडचण वेगळी. तेथे तासागणिक शिक्षक बदलतो, आणि प्रत्येकाची बोलण्याची ढब निराळी. अंगणवाडीतील ‘ताई’, प्राथमिक शाळेतील ‘बाई’ आणि येथील ‘सर’, ‘मॅडम’ अशी संबोधनेही बदलत आलेली असतात. एका ‘गणिता’चे पुढे ‘बीजगणित’ व ‘भूमिती’ होते. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मुलाला दोन-तीनदा नव्या शाळेत नेणे, तेथील वर्ग, पाणपोई व शौचालय यांची छायाचित्रे घरी लावणे, वेळापत्रक चित्रांत देणे, आणि अडल्यास कोणाकडे जायचे ती एक व्यक्ती ठरवून देणे, या गोष्टींस खर्च जवळजवळ नाही. इंग्लंडमधील शाळांत १९९४ च्या आचारसंहितेपासून या कामी एक समन्वयक शिक्षक नेमलेला असतो. आपल्याकडे समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ तालुक्याच्या गटसाधन केंद्रात असतात, आणि एकेकाच्या वाट्याला अनेक शाळा येतात. तेव्हा वरील टिपण जुन्या वर्गशिक्षकाने, आईच्या साहाय्याने, वर्ष संपण्यापूर्वीच लिहावे. त्यानंतर शिक्षकांच्या बदल्या होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आठवणीही जातात. टिपण दाखल्यास टाचलेले असावे, आणि त्याची एक प्रत आईजवळ राहावी.