‘अजिंठा’ : एका शिलालेखापासून चित्रपटापर्यंत

ऐतिहासिक प्रणयकथेवर आधारलेल्या चित्रपटाचा विचार करताना अभ्यासकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. कथेला कागदपत्रांचा व अवशेषांचा आधार किती, हा पहिला. आणि ज्या राजकीय अस्वस्थतेच्या पार्श्वभूमीवर ती घडली असे मानले जाते, त्या अस्वस्थतेशी तिचा खरा संबंध कोणता, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचा ऊहापोह करण्यास नितीन चंद्रकांत देसाई यांनी दिग्दर्शित केलेला व २०१२ साली प्रदर्शित झालेला ‘अजिंठा’ हा मराठी चित्रपट विशेष उपयुक्त आहे. त्याची कथा खानदेशच्या दक्षिण सीमेवर घडते, आणि तिचे अवशेष आजही त्या सीमेच्या दोन्ही अंगांस उभे आहेत.

चित्रपटाचे मूळ ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यात आहे. महानोर हे अजिंठ्याच्या डोंगराजवळील पळसखेड्याचे. तेथील शेतशिवार, डोंगरउतार आणि बोली यांतून त्यांची कविता वाढली. त्यामुळे लेण्यांची चित्रे उतरवणारा इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल आणि स्थानिक तरुणी पारो यांची कथा त्यांच्याकडे ग्रंथांतून आलेली नव्हे. ती पंचक्रोशीच्या स्मृतीतून आलेली आहे. देसाई यांची पूर्वपरंपरा वेगळी होती. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’, ‘लगान’, ‘देवदास’ अशा चित्रपटांचे कलादिग्दर्शन करून गतकाळ डोळ्यांपुढे उभा करण्याची विद्या त्यांनी सिद्ध केली होती. कवीची भूमिनिष्ठा आणि कलादिग्दर्शकाची दृश्यदृष्टी यांचा संगम या कृतीत झाला. फिलिप स्कॉट वॉलेस यांनी गिलची व सोनाली कुलकर्णी यांनी पारोची भूमिका केली. संगीत कौशल इनामदार यांचे होते.

आता इतिहासाकडे वळावे. १८१९ साली जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणी पडली व युरोपीय जगास त्यांची वार्ता कळली. पुढे जेम्स फर्ग्युसन याने भारतीय लेण्यांवर निबंध वाचला, रॉयल एशियाटिक सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे चित्रांच्या रक्षणाची विनंती केली, आणि त्याची परिणती म्हणून मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची १८४४ साली नेमणूक झाली. १८०४ साली लंडनमध्ये जन्मलेल्या गिलचे वय त्या वेळी चाळीसच्या आसपास होते. अजिंठा गावातील बारादरीत त्याने मुक्काम केला आणि पुढील दोन दशकांचा बहुतेक काळ भित्तिचित्रांच्या पूर्णाकृती प्रतिकृती तैलरंगात करण्यात घालविला. त्या लंडनला रवाना झाल्या, सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक भस्मसात झाल्या. गिलने छायाचित्रेही घेतली. फर्ग्युसनसह त्याने सिद्ध केलेले भारतीय लेण्यांवरील सचित्र पुस्तक १८६४ साली प्रसिद्ध झाले. परंतु रंगांतील त्याचे जीवितकार्य बव्हंशी नष्ट झाले.

पारोविषयीचा प्रमुख पुरावा मात्र टिकला. कारण तो दगडात आहे. अजिंठा गावातील तिच्या थडग्यावरील इंग्रजी लेखात तिचे नाव, तिच्याविषयीचे एक प्रेमवाचक विशेषण आणि २३ मे १८५६ ही मृत्युतिथी कोरलेली आहे. त्या लेखात कुळ नाही, पित्याचे नाव नाही, पत्नी हा शब्दही नाही. अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. ती कोणत्या समाजाची, लेण्यांत गिलबरोबर ती जात होती काय, दोघांत संवाद कोणत्या भाषेत होई, यांविषयी तो दगड मौन पाळतो. ते मौन कवीने आणि चित्रपटकाराने भरून काढले आहे. पारो आदिवासी कन्या म्हणून, लेण्यांची जणू मानवी वारस म्हणून, आपल्यापुढे येते. ही कलेची निर्मिती आहे. तिला पुरावा समजू नये, आणि पुरावा नाही म्हणून तुच्छही लेखू नये.

हे प्रेम निषिद्ध का ठरावे? त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. अठराव्या शतकात कंपनीचे अधिकारी देशी स्त्रियांसह उघडपणे संसार करीत; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोऱ्या समाजाचा दृष्टिकोन पुष्कळ कठोर झाला होता. त्यात गिलचा विवाह १८४१ सालीच झालेला होता. गावाच्या बाजूने पाहता परधर्मी, परदेशी आणि सत्ताधारी पुरुषाशी संबंध ही जातिव्यवस्थेला न मानवणारी गोष्ट होती. तिसरे कारण सत्तेचे आहे. गिलच्या मागे कंपनी होती. पारोच्या मागे कोणीच नव्हते. प्रेम खरे असले तरी ही विषमता खोटी ठरत नाही, आणि या कथेचा नैतिक गाभा येथेच आहे.

राजकीय पार्श्वभूमीबाबत कालक्रम काटेकोरपणे पाहणे अगत्याचे आहे. अजिंठा हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. घाट उतरून फर्दापूरच्या पुढे गेले की इंग्रजी अमलातील खानदेश लागे. १८१८ साली तो कंपनीकडे आल्यावर धुळे हे त्याचे मुख्य ठाणे झाले. डोंगरातील भिल्लांचा प्रतिकार शमविण्यासाठी १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. तिचे केंद्र धरणगाव येथे होते. १८५२ साली महसुली मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील रयत उठली. म्हणजे गिल बारादरीत चित्रे रंगवीत असताना घाटाखालचा मुलूख धुमसतच होता. या कथेस सत्तावन्नच्या उठावाची जोड देण्याचा मोह सहज होतो. परंतु मीरतचा उठाव मे १८५७ चा, आणि पारो त्यापूर्वी वर्षभर निवर्तली होती. सातपुड्यातील खाज्या नाईकाचा संग्राम व एप्रिल १८५८ मधील आंबापाणीची लढाई तिने पाहिली नाही. तिच्या आयुष्याची अस्वस्थता सत्तावन्नपूर्वीची आहे : मोजणीची साखळी, पलटणीची भरती आणि दोन राज्यांमधील घाट.

गिल पुढेही अजिंठ्याच्याच परिसरात राहिला. १८७९ साली त्याचे निधन झाले आणि जळगाव जिल्ह्यातील भुसावळ येथे त्याचे दफन झाले. पारो घाटावर आणि तो घाटाखाली, अशी ही ताटातूट आहे. ज्या सीमेने त्यांच्या काळचे राजकारण दुभंगले होते, तीच त्यांच्या थडग्यांमध्ये उरली.

प्रतिकृतींचे दैव पुढेही बदलले नाही. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी पुन्हा प्रती करविल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ साली लंडनमधील आगीत गेल्या. चित्रपटाचे दोन्ही कर्ते तर लागोपाठच्या दिवशी कालवश झाले : देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी आणि महानोर ३ ऑगस्टला.

सारांश, ‘अजिंठा’ पाहताना तीन थर वेगळे ठेवावेत : जे कोरलेले व नोंदलेले आहे ते, त्यावरून जे तर्काने म्हणता येते ते, आणि जे कवीने दिले ते. पहिला थर पारोच्या बाबतीत जेमतेम एका दगडाएवढा आहे. ज्यांची नावे महसुलाच्या दप्तरात नाहीत व लष्करी अहवालातही नाहीत, अशा खानदेशी स्त्रियांच्या इतिहासाचे साधन बहुधा एवढेच असते. ते थडगे जपणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम, आणि त्याच्याकडे लोकांची नजर वळविणे हे चित्रपटाने केलेले काम. दुसऱ्यामुळे पहिले सोपे झाले आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.