रमाबाईंचा नवा जन्म कधी झाला?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी त्यांची लेक मनोरमा हिचाही बाप्तिस्मा झाला. रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या, संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या. ख्रिस्ती झालेले काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा युक्तिवाद पारखून, पटल्यावरच त्यांनी हे पाऊल उचललं होतं. मनोरमा अडीच वर्षांची. तिचं मत कुणी विचारणं शक्यच नव्हतं. तरीही अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकानुसार फळ एकच होतं : दोघींचाही त्या दिवशी नवा जन्म झाला.

सुमारे आठ वर्षांनी मात्र रमाबाईंना स्वतःलाच वेगळं जाणवलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. नवा जन्म व्हायचा राहिलाच होता, असं त्यांना वाटू लागलं. मग खरा जन्मदिवस कोणता? याचं उत्तर कुठल्या चर्चमध्ये विचारता त्यावर अवलंबून आहे.

हा पुनर्जन्म म्हणजे मेल्यानंतर दुसऱ्या देहात येणं नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा विद्वान परुशी रात्री येशूला भेटायला येतो. पाण्याने आणि आत्म्याने पुन्हा जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं येशू त्याला सांगतो, आणि म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मणार म्हणून निकदेम चक्रावतो. पुढचा सगळा वाद पाणी आणि आत्मा या दोहोंचं नातं कसं लावायचं याचाच आहे.

कॅथलिक परंपरेत ते नातं अतूट आहे. वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये काही आठवड्यांच्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात, पवित्र तेल लावतात, शुभ्र वस्त्र देतात, त्याच्यासाठी मेणबत्ती पेटवतात. विश्वासाची कबुली आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता देतात. बाळाला काही कळत नाही याने काही बिघडत नाही, कारण इथे काम देवाचं आहे. हा जन्म आयुष्यात एकदाच. पुढे गंभीर पाप घडलं तर गमावलेली कृपा पापनिवेदनाच्या संस्काराने परत मिळते, बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात, लगेच कपाळ, डोळे, कान, छाती, हातपाय यांवर तेलाची मुद्रा करतात आणि तान्ह्या जिवालाही प्रभुभोजन देतात. चौथ्या शतकातल्या जेरुसलेमच्या सिरिलने या पाण्याला एकाच वेळी कबर आणि आई म्हटलं. ऑर्थोडॉक्स माणसाला तू कधी जन्मलास असं विचारलं, तर तो बाप्तिस्म्याचा दिवस सांगेल. पण त्या जन्माचं वाढणं, देवाच्या जीवनात सहभागी होत जाणं, हे त्याच्या लेखी आयुष्यभराचं काम आहे.

याला पहिला मोठा हादरा झुरिकमध्ये बसला. जानेवारी १५२५मध्ये फेलिक्स मान्झच्या घरी जमलेल्या काही जणांनी, लहानपणी बाप्तिस्मा झालेला असूनही, एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. ज्याला पश्चात्ताप म्हणजे काय हे कळत नाही, त्याचा बाप्तिस्मा कसला, हा त्यांचा सवाल. दोन वर्षांनी त्याच शहराने मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. शिक्षेसाठी पाणीच निवडण्यातला दुष्टपणा आजही अंगावर येतो.

इंग्लंडमध्ये वाद वेगळ्या वाटेने पेटला. जॉन वेस्ली अँग्लिकन धर्मगुरू होता, मिशनरी म्हणून अमेरिकेला जाऊन आलेला. तरी २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनमधल्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना ऐकताना प्रथमच त्याला आपल्या तारणाची खात्री वाटली. तिथून इव्हँजेलिकल परंपरेत नवा जन्म म्हणजे माणसाला स्वतःला जाणवणारी, सांगता येणारी घटना ठरली. शंभर वर्षांनी प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. बाप्तिस्म्याने नवा जन्म आपोआप होतोच असं नाही, असं मानणाऱ्या जॉर्ज गोरहॅमला एक्सेटरच्या बिशपने नेमणूक नाकारली. १८५०मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोरहॅमच्या बाजूने निकाल दिला.

त्यानंतरच्या वर्षी कॉर्नवॉलमध्ये विल्यम हॅस्लम हा धर्मगुरू प्रवचन देता देता स्वतःच पालटला, आणि धर्मगुरूचंच परिवर्तन झालं, असं श्रोत्यांतून कुणी ओरडलं. हा प्रसंग सांगणारं हॅस्लमचं आत्मकथन रमाबाईंच्या हाती पडलं आणि त्यांनी स्वतःला विचारलं, माझं असं झालंय का? इतरांना बाप्तिस्मा देणाऱ्यालाच नव्या जन्माची गरज पडते, ही गोष्ट त्यांना भिडली असणार.

म्हणून काही जण १८८३चा बाप्तिस्मा नुसता उपचार ठरवतात. मला ते अजिबात पटत नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी रमाबाईंनी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून जो पत्रव्यवहार केला, तो वाचावा. मनापासून न स्वीकारलेल्या गोष्टीसाठी माणूस इतकं भांडत नाही. ऑगस्टिनचं मन मिलानच्या बागेत ३८६मध्ये पालटलं, बाप्तिस्मा ३८७च्या ईस्टरला झाला. रमाबाईंच्या बाबतीत क्रम उलटा, एवढंच. कॅल्विनच्या अनुयायांना हा क्रम फार सतावणार नाही. ते म्हणतील, देवाचा आत्मा आधीच काम करू लागला होता, रमाबाईंना कळलं उशिरा. वेस्लीचे अनुयायी मात्र म्हणतील, आधी विश्वास, मग जन्म.

जून १९०५मध्ये रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये आणखी एक पायरी आली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत पापं कबूल करू लागल्या. आपल्या अंगात अग्नी उतरला असं काही सांगू लागल्या. लॉस एंजेलिसमधल्या अझूसा स्ट्रीटच्या प्रसिद्ध सभा यानंतरच्या, १९०६मधल्या. नव्या जन्मानंतर पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा हा निराळा अनुभव असतो, ही पेंटेकॉस्टल परंपरेची शिकवण. मुक्तीतल्या मिनी एब्रम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या वाल्पाराइसोला मैत्रिणीकडे पोहोचली आणि १९०९मध्ये तिथे उसळलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. पुणे जिल्ह्यातल्या एका गावाचं हे ऋण आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही. दोन्ही पद्धती ठेवायचं ठरलं : आईबापांनी बाळाचा बाप्तिस्मा करवून घ्यावा, किंवा बाळ देवाला अर्पण करून पुढे त्याने स्वतः कबुली देऊन तो घ्यावा. कठीण प्रश्न उरतो तो बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या आणि मोठेपणी पालटलेल्या माणसाचा. बाप्तिस्मा पुन्हा देऊ नये, असं जागतिक चर्च परिषदेच्या १९८२च्या लिमा दस्तऐवजात म्हटलं आहे. अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र बाळपणीचा बाप्तिस्मा मोजतच नाहीत आणि अशा माणसाला पाण्यात उतरायला सांगतात.