व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतली जर जाते कुठे? जेपीईजी, पीएनजी आणि बाकी मंडळी



गुलमंडीत कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की साडी उलगडतात, पदर उजेडात धरतात, हात लावून बघू देतात. घरबसल्या विकायला निघालात की हे सगळं काम एकट्या फोटोला करावं लागतं. पैठणी, हिमरूच्या शाली विकणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार ठरलेली असते, "सर, माझ्या मोबाईलमध्ये फोटो झकास दिसतो, गिऱ्हाईकाकडे पोचला की धुरकट!" थांबा, लगेच नवीन फोन घेऊ नका. आधी फाईल समजून घ्या. व्हिडिओत हे घाईत झालं होतं, इथे नीट सांगतो.

विणकामाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवतात ना, फोटोही तसाच असतो. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३०००, एकूण १ कोटी २० लाख चौकटी. प्रत्येक चौकटीचा रंग लिहायला ३ बाइट लागतात, म्हणजे सगळे मिळून ३६ एमबी. पण फोनमध्ये तीच फाईल ३-४ एमबीची दिसते. मग बाकीचा माल गेला कुठे?

तो जेपीईजीने काढून टाकला. हे १९९२ सालचं मानक आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेलं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली मांडलं. (आपल्या माणसाचं नाव आपल्यालाच माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.) डोळ्याला उजेड-अंधारातला फरक पटकन कळतो, रंगातला बारीक फरक तेवढा कळत नाही. म्हणून जेपीईजी उजेड वेगळा काढतो, रंग वेगळा, आणि बहुतेक वेळा चार पिक्सेलना मिळून एकच रंग ठेवतो. मग ८ बाय ८ चे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यातला मोठा, सावकाश बदलणारा भाग सांभाळतो आणि बारीक, झटपट बदलणारा तपशील कमी करत जातो. आकाश, भिंत, चेहरा असेल तर कळतही नाही.

पण तुम्ही विकताय काय? बारीक तपशीलच! जरीची तार, धाग्याची वीण, लाल अंगाला लागून हिरवा काठ. नेमकं हेच आधी मरतं. हातमागाची पैठणी मागच्या बाजूनेही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मशीनवरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. फोटो दाबून लहान झाला की दोन्ही सारख्याच दिसतात. मग गिऱ्हाईक म्हणणारच, "एवढे पैसे कशाचे?"

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आणखी लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते. तोच गॅलरीतून उचलून पुन्हा पाठवला की पुन्हा दाबला जातो. गेलेला तपशील कुठल्याही ॲपने परत येत नाही. ॲप 'फोटो सुधारून' देतं तेव्हा ते अंदाजाने रंगवतं, आणि अंदाजाने रंगवलेली जर दाखवून माल विकणं मला तरी पटत नाही. म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्याला हात लावू नका. पदराचा जवळचा फोटो, मागच्या बाजूचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाईल आहे तशी जाते. आयफोनवाल्यांनी एक बघा: २०१७ पासून तिथे फोटो बऱ्याचदा एचईआयसी प्रकारात सेव्ह होतो, समोरच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचं 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, जेपीईजी मिळेल.

लोगोची गोष्ट वेगळी. त्याला जेपीईजी नकोच. अक्षरांच्या कडेला मुंग्या आल्यासारखे ठिपके दिसतात ते त्याचेच. लोगोसाठी पीएनजी वापरा. १९९६ साली आलेला हा प्रकार फाईल लहान करतो, पण एकही पिक्सेल टाकत नाही, आणि मागची बाजू पारदर्शक ठेवता येते. मात्र साडीचे फोटो पीएनजीत ठेवू नका, फाईल उगाच फुगते.

आणि दुकानाची पाटी? १० फुटी फ्लेक्स म्हणजे १२० इंच. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलचा लोगो त्यावर ताणला तर इंचाला जेमतेम १३ पिक्सेल येतात, एकेक ठिपका जवळपास २ मिलिमीटरचा! व्हिजिटिंग कार्डाला इंचाला ३०० लागतात. पाटी लांबून बघायची, तिला कमी चालतात, पण १३ नाही चालत. म्हणून लोगो करून घेताना डिझायनरकडून व्हेक्टर फाईल मागून घ्या: कोरलची, पीडीएफ किंवा एसव्हीजी. त्यात ठिपके नसतात, रेषांचं माप असतं, कितीही मोठी करा. मराठी अक्षरं 'कर्व्ह' करून द्यायला सांगा, नाहीतर छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. पैसे देतानाच फाईल मागा. नंतर त्याच फाईलसाठी गुलमंडीत चकरा मारायच्या म्हणजे गाडी लावायलाच अर्धा तास जातो.

वेबसाइटवर टाकायचा फोटो मात्र लहानच हवा. आधी त्याची रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, मग क्वालिटी ८० च्या आसपास ठेवून सेव्ह करा, आणि काठाजवळ झूम करून जर दिसते का ते स्वतः बघा.