हिमोग्लोबिनचा रेणू किती मोठा?

मनुका पाण्यात फुगतात हे आपण वर्गात दाखवतो आणि परासरणाचा पाठ तिथेच संपवतो. याच परासरणाने रेणूंची गणती करता येते, हे सांगायचे राहून जाते.

हिमोग्लोबिन हे प्रथिन, म्हणजे अमिनो आम्लांचे बहुवारिक. त्यात वजनाने सुमारे ०.३३४ टक्के लोह असते. एका रेणूत लोहाचा एकच अणू धरला तर रेणुभार सुमारे १६,७०० येतो. पण अणू दोन असतील तर? चार असतील तर? रासायनिक पृथक्करण इथे गप्प बसते. ते फक्त प्रमाण सांगते.

त्यासाठी रेणूच मोजायला हवेत. रेणुभार ६७,००० असेल, तर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम हिमोग्लोबिन विरघळवल्यावर गोठणबिंदू जेमतेम ०.०००३ अंशाने उतरेल. त्यात किंचित मीठ राहून गेले, तर ही घट शोधूनही सापडणार नाही! आता परासरण दाब पाहू. व्हान्ट हॉफ यांच्या नियमानुसार विरल द्रावणात

दाब = संहती × वायुस्थिरांक × केवल तापमान ÷ रेणुभार

०° सेल्सिअसला त्याच द्रावणाचा दाब सुमारे ०.००३३ वातावरण येतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण उभ्या नळीत तो जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर पाणी चढवतो. म्हणजे फूटपट्टीनेही दिसेल इतका! शिवाय मिठाचे कण अर्धपार्य पटलातून आरपार जातात, अडकतो तो फक्त मोठा रेणू. (प्रथिनावर विद्युतभार असल्याने थोडी गडबड होते, म्हणून पटलाच्या दोन्ही बाजूंना पुरेसे क्षार ठेवतात.)

ह्यूफनर व गान्सर यांनी १९०७ मध्ये याच पद्धतीने १६,००० च्या आसपास रेणुभार काढला होता. लोहाचा एक अणू, प्रश्न मिटला! केंब्रिजच्या गिल्बर्ट अडेअर यांनी मात्र थंड तापमानाला, चिकाटीने मोजमापे केली आणि १९२५ मध्ये सुमारे ६७,००० हा आकडा दिला. म्हणजे बरोबर चौपट; लोहाचे चार अणू. पेरुट्झ यांनी १९६० मध्ये क्ष-किरणांनी रचना दाखवली, तेव्हा चार साखळ्या स्पष्ट दिसल्या.

वरचे सूत्र दाट द्रावणाला लागू पडत नाही, कारण मोठे रेणू एकमेकांना अडवतात. म्हणून निरनिराळ्या संहतींना दाब मोजून 'दाब भागिले संहती' यांचा आलेख काढतात व तो शून्य संहतीपर्यंत मागे वाढवतात. पॉलिस्टायरीनसारख्या कृत्रिम बहुवारिकात साखळ्या लहानमोठ्या असतात. परासरण फक्त डोकी मोजते. १०,००० ची एक आणि ९०,००० ची एक साखळी असेल, तर उत्तर ५०,०००. फार लहान साखळ्या पटलातून निसटतात, आणि रेणुभार काही लाखांपुढे गेला की नळीतले पाणी इतके कमी चढते की वाचन भरवशाचे राहत नाही.