उलटी काच, सरळ चिमणी

लालबाग-परळच्या बोळात उभे राहून गिरणीच्या चिमणीचा फोटो घ्यायचा, तर मागे सरायला जागा नसते. कॅमेऱ्याचे तोंड वर करावेच लागते. मग चिमणी मागे रेलते आणि शेजारच्या चाळीच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. संगणकावर त्या सरळ करता येतात, पण तसे करताना चित्राचा वरचा भाग ताणला जातो आणि पडलेल्या फटी सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरून काढते. डिजिटलवर हात बसलेली काही मंडळी आज भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याकडे वळतात, त्यात हौसेचा भाग आहेच. पण गिरणगावाचे चित्रण करायचे असेल, तर मला सर्वांत पटते ते हे भूमितीचे कारण.

या कॅमेऱ्यात पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मध्ये भाता. काच भिंतीला समांतर, म्हणजे सरळ उभी ठेवायची आणि भिंग तेवढे वर सरकवायचे. भिंगातून पडणारे प्रतिमेचे वर्तुळ काचेच्या जागी बसणाऱ्या फिल्मपेक्षा बरेच मोठे असते. त्यातला कोणता तुकडा घ्यायचा, हे भिंग सरकवून ठरते. डोक्यावर काळे कापड घेऊन काचेत पाहिले, की चाळ उलटी लटकलेली दिसते. भिंग वर चढवत गेले, की काचेच्या खालच्या कडेतून चिमणीचे टोक हळूहळू आत येते. काच जोवर भिंतीला समांतर आहे, तोवर उभी रेघ उभीच राहते.

भिंग पुढे झुकवताही येते. फिल्मचे, भिंगाचे आणि ज्यावर फोकस हवा ते, अशी तिन्ही प्रतले एकाच रेषेत मिळाली, तर ते सगळे प्रतल एकदम स्पष्ट येते. थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने १९०४ मध्ये आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांच्या कामासाठी याचे पेटंट घेतले. खोताच्या वाडीतली फरसबंदी पायाशी आणि टोकाशी सारखीच रेखीव हवी असेल, तर ही युक्ती कामाला येते. मात्र तशाने घरांचे माथे पुसट होऊ शकतात, म्हणून ती जपून वापरावी.

४×५ इंचांची फिल्म ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या जवळपास पंधरा पट असते. चाळीच्या गॅलरीतल्या दांडीवरचे कपडे, कठड्याचे गज आणि पत्र्यावरचा गंज एकाच निगेटिव्हवर मावतात. शिवाय रंगीत डिजिटल सेन्सरचा प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन हिशेबाने काढले जातात. कृष्णधवल फिल्मला तो हिशेब करावा लागत नाही.

खरी परीक्षा गिरगावातल्या जुन्या चाळीच्या अंधाऱ्या जिन्यात होते. डिजिटल सेन्सरवर शटर दुप्पट वेळ उघडे ठेवले, की प्रकाशही साधारण दुप्पट नोंदला जातो. फिल्म मंद प्रकाशात हा नियम पाळत नाही. याचे कारण गर्नी आणि मॉट या ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीतून उलगडते. प्रकाशाचा कण फिल्मवरच्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकात एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. त्याला चांदीचा आयन येऊन मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. हा एकटा अणू फार टिकत नाही. दुसरा वेळेत येऊन मिळाला नाही, तर तो पुन्हा मोडतो. तीन-चार अणूंची गाठ जमली, की मगच डेव्हलपर हे रसायन त्या सबंध स्फटिकाची, म्हणजे अब्जावधी आयनांची, चांदी करतो. जिन्यात प्रकाश इतका तुटपुंजा, की अणू जमण्याआधीच मोडत राहतात. म्हणून प्रकाश मोजणारे मीटर दहा सेकंद सांगत असले, तरी अनेक फिल्मांना त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो. किती, ते त्या-त्या फिल्मच्या तक्त्यावरून ठरते. डिजिटलवाला उजेडाचा भाग करपू नये म्हणून जपतो. निगेटिव्हवर काम करताना ही सवय मोडावी लागते, कारण सावलीत जे नोंदलेच गेले नाही ते पुढे कशानेही परत येत नाही.

मग फिल्म धुणे. डेव्हलपरचे तक्ते बहुधा २० अंश सेल्सियसचे असतात. मे महिन्यात दादरच्या नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम. ३० अंशांना वेळ निम्म्याच्याही खाली येतो, फिल्मवर डाग-पट्टे उमटतात, जिलेटिन मऊ पडून सहज ओरखडते. त्यावर उपाय जुनाच आहे. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचा, आणि फिल्म पक्की करणारा हायपो व धुण्याचे पाणीही त्याच तापमानाला आणायचे. मुंबईच्या उकाड्याशी ही झुंजही जुनीच. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी संबंधित होते. त्या पिढीचे कॅमेरे असेच होते आणि हवाही हीच. तेव्हा फिल्मच्या जागी असलेली कोलोडियनच्या लेपाची काच तर ओली असतानाच वापरून धुवावी लागे. त्या काळातला एखादा फोटो पाहताना मला आधी त्या हातांविषयी आदर वाटतो.

आयात फिल्म महाग, म्हणून शिकाऊ मंडळी एक्स-रे फिल्म वापरून पाहतात. ती ८×१० इंचांत मिळते आणि मंद लाल दिव्यात हाताळता येते, कारण तिला लाल दिसत नाही. त्यामुळे विटांची चिमणी काळीभोर आणि निळे आकाश पांढरे येते. कुंकूही काळे पडते. दादरला १९१२ मध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला, तेव्हाच्या फिल्मलाही लाल दिसत नव्हते. बहुतेक एक्स-रे फिल्मच्या दोन्ही बाजूंना लेप असतो, तेव्हा ट्रेच्या तळाला काच ठेवावी आणि एका वेळी एकच फिल्म धुवावी. रुग्णालये मात्र डिजिटलकडे गेली, त्यामुळे ही फिल्मही आता पूर्वीइतकी सहज हाती लागत नाही.